बोली पुसू नका, आवाज घडवा

‘मले’, ‘तुले’, ‘काऊन’, ‘जेवून रायलो’. अकोल्याच्या जुन्या शहरात, असदगडाच्या आसपास आम्ही याच मराठीत वाढलो. शाळेत असताना एका नाट्यस्पर्धेत करुण प्रसंगी मी म्हणालो, ‘मायच्या डोयात पानी आलं’, आणि सभागृह हसले. ‘आधी बोली सोड, मग नाटक कर,’ असे परीक्षकांनी बजावले. पुढे कितीतरी वर्षे मी रंगमंचाकडे फिरकलो नाही.

नटाला बोलायला शिकवणे ही आपल्याकडची जुनी विद्या. नाटक मंडळ्यांत त्यासाठी तालीम मास्तर असत. ‘शारदा’कार गोविंद बल्लाळ देवल हे त्यांतले मोठे नाव. तेव्हा ध्वनिक्षेपक नव्हते. श्वास कुठे घ्यायचा, वाक्य कुठे तोडायचे, हे ठरल्याशिवाय शब्द शेवटच्या रांगेपर्यंत पोचत नसे.

विसाव्या शतकात या विद्येला शास्त्राची जोड मिळाली. 1925 साली मुंबईत संगीत विद्यालय काढणारे प्रा. बी. आर. देवधर यांनी आवाजाच्या जोपासनेचा अभ्यास केला. डॉ. अशोक दा. रानडे (1937–2011) यांनी तो पुढे नेला. 1968 पासून मुंबई विद्यापीठाच्या संगीत केंद्राचे संचालक असलेल्या रानडे यांनी गायकांबरोबर नटांच्या आवाजाचाही विचार केला. आवाज हा दैवी देणगीवर सोडायचा विषय नाही, तो मेहनतीने घडतो, ही जाण त्यातून रुजली.

पण आवाज घडवणे वेगळे आणि बोली पुसणे वेगळे. लक्ष्मण देशपांडे यांनी ‘वऱ्हाड निघालंय लंडनला’मध्ये 52 पात्रे एकट्याने उभी केली, तीही मराठवाड्याच्या बोलीत. शीर्षकातले वऱ्हाड लग्नाचे, आमचे नव्हे! आमची वऱ्हाडीही काही कालची नाही. ग्रियर्सनच्या भाषिक पाहणीत 1905 सालीच तिची नोंद झाली आहे. अमरावतीच्या भारत गणेशपुरे यांनी ती दूरचित्रवाणीवरून घरोघर नेली. मात्र लोकांना ती ऐकू येते ती बहुधा हसण्यासाठीच.

म्हणून नव्या तालीम मास्तरांना एकच विनंती. ‘मले’चे ‘मला’ करून घेण्यात तालमीचे दिवस घालवू नका. मुलांना श्वास शिकवा, ठहराव शिकवा. ज्या बोलीत आमच्या आया रडल्या, त्या बोलीत आमच्या नटांनाही रडता आले पाहिजे. ‘डोयात पानी आलं’ या वाक्यावर सभागृह गप्प झाले, की समजावे, तालीम पुरी झाली.