छायाचित्रणाचे शिक्षण : एक जुनी परंपरा



दोन वर्षांपूर्वी आमच्या शाळेतून बारावी झालेला एक मुलगा वडिलांसह माझ्याकडे आला. त्याला पुढे फोटोग्राफी शिकायची होती. वडील म्हणाले, "सर, तुम्हीच समजवा याला. लग्नाचे फोटो काढायला डिग्री कशाला लागते?" मीही वडिलांचीच री ओढली. मुलगा मान खाली घालून गेला आणि त्याने कॉमर्सला नाव घातले. पुढे या विषयाचा इतिहास वाचला, तेव्हा आपण अपुऱ्या माहितीवर सल्ला दिला हे माझ्या ध्यानात आले. म्हणून हा लेख.

दागेर यांच्या शोधाची घोषणा पॅरिसमध्ये १८३९ साली झाली. त्यानंतर अवघ्या सोळा वर्षांनी, १८५५ साली, मुंबईच्या एल्फिन्स्टन इन्स्टिट्यूशनमध्ये फोटोग्राफीचा वर्ग निघाला. मुंबई विद्यापीठाची स्थापना १८५७ ची. म्हणजे विद्यापीठ स्थापन होण्यापूर्वीच हा विषय आपल्याकडे वर्गात शिकवला जात होता! त्या वर्गात शिकलेले हरिश्चंद्र चिंतामण पुढे मुंबईतील नामांकित छायाचित्रकार झाले.

यात शिकण्यासारखे काय, असे कोणी विचारील. त्या काळच्या एका पद्धतीत काचेला कलोडियनचा लेप देऊन ती चांदीच्या क्षाराच्या द्रावणात बुडवीत, ओली असतानाच कॅमेऱ्यात घालीत आणि सुकण्यापूर्वी अंधाऱ्या खोलीत धुऊन घेत. भिंगासाठी प्रकाशशास्त्र, द्रावणासाठी रसायनशास्त्र आणि मांडणीसाठी चित्रकला, अशा तीन विद्या एका फोटोत लागत. आज काच गेली, फिल्मही मागे पडली. पण प्रकाश ओळखण्याची नजर अजून शिकावीच लागते.

बडोद्यात सयाजीराव महाराजांच्या राज्यात १८९० साली कलाभवन सुरू झाले. त्र्यंबकेश्वरचे दादासाहेब फाळके मुंबईच्या जे. जे. कलाशाळेनंतर तेथे छायाचित्रण शिकले. त्यांचा 'राजा हरिश्चंद्र' १९१३ साली पडद्यावर आला. त्याच जे. जे. मध्ये शिकलेल्या होमाई व्यारावाला भारतातील पहिल्या महिला वृत्तछायाचित्रकार ठरल्या. २०११ साली त्यांना पद्मविभूषण मिळाले. मुलींच्या मातापित्यांनी हे नाव लक्षात ठेवावे.

आता आपल्या जिव्हाळ्याच्या एका संस्थेकडे वळू. दिल्लीच्या जामिया मिल्लिया इस्लामियात १९८२ साली कुलगुरू अन्वर जमाल किडवाई यांनी जनसंपर्क माध्यमांचे केंद्र स्थापन केले. दानिश सिद्दीकी हे या केंद्राचे विद्यार्थी. त्यांनी आधी जामियातच अर्थशास्त्राची पदवी घेतली आणि २००७ साली या केंद्रातले शिक्षण पूर्ण केले. रोहिंग्या निर्वासितांच्या छायाचित्रांसाठी रॉयटर्सच्या ज्या चमूला २०१८ चे पुलित्झर पारितोषिक मिळाले, त्यात ते होते. जुलै २०२१ मध्ये अफगाणिस्तानात काम करीत असताना ते मारले गेले. त्यांची कबर जामियाच्याच कब्रस्तानात आहे. २०२२ साली पुलित्झर मिळवणाऱ्या चमूतही त्यांचे नाव होते.

पालकहो, या विद्येत प्रत्येकाला यश मिळेल असे मी म्हणत नाही. कॅमेरा महाग आहे आणि सुरुवातीची कमाई बेभरवशाची. मुलाने हट्ट धरला तर फी किती, शिकवतात काय, पुढे काम कोठे मिळते, हे अवश्य विचारा. पण "हे काय शिक्षण आहे?" असे म्हणून त्याला गप्प करू नका.

तो मुलगा आता कॉमर्सच्या दुसऱ्या वर्षाला आहे. गेल्या महिन्यात मी त्याच्या घरी गेलो, माझी चूक कबूल केली आणि पदवीनंतरही हा विषय शिकता येतो हे सांगितले. वडील बराच वेळ काही बोलले नाहीत. मग मुलाला म्हणाले, "तुझे फोटो आण, सरांना दाखव." ते फोटो त्यांनीही त्या दिवशी प्रथमच नीट पाहिले.