वेब सर्व्हरची कॉन्फिगरेशन फाइल : हस्तलेखनापासून प्रोग्रामनिर्मितीपर्यंत

प्रस्तावना :
संगणकाच्या इतिहासलेखनात यंत्रे, कंपन्या व संशोधक यांना स्थान मिळते; दैनंदिन कामकाजाच्या दस्तऐवजांकडे मात्र दुर्लक्ष होते. वेब सर्व्हरची कॉन्फिगरेशन फाइल हा असाच एक दस्तऐवज होय. कोणत्या नावाने आलेली मागणी कोणत्या फोल्डरकडे वळवावी, कोणास प्रवेश नाकारावा, याचे आदेश या साध्या मजकुराच्या फाइलमध्ये असतात. ती हाताने लिहिण्याऐवजी प्रोग्रामकडून तयार करून घेण्याची पद्धत कशी रूढ झाली, याचा मागोवा प्रस्तुत लेखात घेतला आहे.

स्थानिक संदर्भ :
रत्नागिरी शहरालगतच्या मिरजोळे औद्योगिक क्षेत्रात १९९६ मध्ये फिनोलेक्स अकॅडमी ऑफ मॅनेजमेंट अँड टेक्नॉलॉजी हे अभियांत्रिकी महाविद्यालय स्थापन झाले. १५ ऑगस्ट १९९५ रोजी विदेश संचार निगमने भारतात सर्वसामान्यांसाठी इंटरनेट सेवा खुली केली होती, तर एप्रिल १९९६ पर्यंत अपाची हा जगातील सर्वाधिक वापराचा वेब सर्व्हर ठरला होता. मिरजोळ्यातील अभियांत्रिकी शिक्षण आणि प्रस्तुत विषय हे अशा रीतीने समकालीन आहेत.

हस्तलेखनाचा काळ :
इलिनॉय विद्यापीठात रॉब मॅककूल यांनी १९९३ मध्ये तयार केलेल्या सर्व्हरच्या पायावर १९९५ मध्ये अपाची उभा राहिला. त्याच्या सूचना आरंभी तीन स्वतंत्र फाइलींत विभागलेल्या असत. १९९९ च्या सुमारास त्या एकाच फाइलीत आणण्यात आल्या. मागणीसोबत संकेतस्थळाचे नाव पाठविण्याची सोय झाल्यावर एकाच पत्त्यावर अनेक संकेतस्थळे चालविणे शक्य झाले. परिणामी तोच मजकूर, केवळ नाव व फोल्डर बदलून, वारंवार लिहावा लागे. नकलेत एखादे नाव बदलायचे राहून गेले, की एका विभागाची मागणी दुसऱ्याच विभागाकडे जाई.

साच्याचा उदय :
या अडचणीवरील उपाय वेबच्या आरंभीच्या काळातच सापडला होता. एरिक ऑलमन यांच्या सेंडमेल या टपाल-प्रणालीची दुर्बोध कॉन्फिगरेशन फाइल १९९३ पासून एम-४ या मॅक्रो भाषेतून निर्माण करता येऊ लागली. त्याच वर्षी मार्क बर्जेस यांनी ऑस्लो येथे सीएफइंजिनचा आरंभ केला. पुढे पपेट (२००५), शेफ (२००९) व अ‍ॅन्सिबल (२०१२) यांनी ही पद्धत सार्वत्रिक केली. स्थिर मजकुराचा एक साचा आणि बदलत्या माहितीची एक यादी यांच्या संयोगातून प्रोग्राम अंतिम फाइल लिहितो. चाळीस संकेतस्थळांसाठी चाळीस परिच्छेद लिहिण्याऐवजी चाळीस ओळींची यादी पुरते.

देवनागरी क्षेत्रनामांमुळे मराठी भाषकांसाठी या पद्धतीस विशेष महत्त्व आले. २०१४ मध्ये 'डॉट भारत' हे देवनागरी क्षेत्रनाम उपलब्ध झाले. परंतु नामप्रणालीत असे नाव प्युनिकोड या २००३ च्या संकेतपद्धतीनुसार रोमन अक्षरे, अंक व जोडरेघ यांच्या मालिकेत नोंदविले जाते आणि सर्व्हरच्या फाइलमध्येही त्याच रूपाची आवश्यकता असते. ही मालिका पाहून मूळ मराठी नाव ओळखणे माणसास जवळपास अशक्य असते. यादीत देवनागरी नाव ठेवावे व रूपांतर प्रोग्रामवर सोपवावे, हाच सुरक्षित मार्ग ठरतो.

अस्सल आणि नक्कल :
मोडी दप्तरांचा अभ्यासक अस्सल व नक्कल यांत भेद करतो. येथेही तोच भेद उपयुक्त आहे. सर्व्हर वाचतो ती फाइल आता नक्कल असून साचा व यादी हे अस्सल कागद होत. नकलेत हाताने केलेली दुरुस्ती पुढील निर्मितीच्या वेळी पुसली जाते. साच्यातील एक चूक सर्व संकेतस्थळांवर एकाच वेळी उमटते. म्हणून निर्मितीनंतर फाइलची तपासणी करूनच ती सर्व्हरच्या स्वाधीन करणे अगत्याचे असते.

निष्कर्ष :
हाताने लिहिलेल्या फाइलीमागील कारणे बहुधा एकाच कर्मचाऱ्याच्या स्मरणात राहतात आणि त्याच्या निवृत्तीबरोबर किंवा बदलीबरोबर नाहीशी होतात. साचा, यादी व गिट (२००५) सारख्या प्रणालीतील बदलांच्या नोंदी जपल्यास कोणी, केव्हा व कशासाठी बदल केला, हे उत्तराधिकाऱ्यास कळते. लहान गावांतील महाविद्यालयांत ही जबाबदारी अनेकदा एकाच व्यक्तीवर असते. तेथे ही पद्धत श्रम वाचविण्यापेक्षाही संस्थेची स्मृती टिकविण्याचे साधन ठरते. मात्र साचा वाचता येणारी दुसरी व्यक्ती संस्थेत घडविली नाही, तर अस्सल कागद असूनही दप्तर मुकेच राहील.