भंडाऱ्याची पोटनिवडणूक आणि एक नाकारलेला अर्ज

विहारात चौदा एप्रिलची किंवा सहा डिसेंबरची भाषणे झाली की एखादा शाळकरी मुलगा हमखास विचारतो, "ज्या बाबासाहेबांनी घटना लिहिली, तेच निवडणुकीत हरले कसे?" वक्ते मुंबईची १९५२ ची निवडणूक सांगतात, भंडाऱ्याचे नुसते नाव घेतात आणि पुढे जातात. पण भंडाऱ्याला १९५४ साली पोटनिवडणूक लागलीच कशी, हे आपल्यापैकी फार थोड्यांना ठाऊक आहे. ज्या कारणाने ती लागली, त्याचा आपल्या घरातल्या शाळेच्या दाखल्याशी जवळचा संबंध आहे. म्हणून ती हकीगत इथे सविस्तर सांगतो.

भंडारा म्हणजे तळ्यांचा, धानाचा आणि विडीचा मुलूख. त्या वेळी हा जिल्हा महाराष्ट्रात नव्हता. जुन्या मध्य प्रदेशात होता आणि राजधानी नागपूर होती. गोंदिया हा वेगळा जिल्हा व्हायला १९९९ साल उजाडले. पहिल्या सार्वत्रिक निवडणुकीत भंडारा हा लोकसभेचा दोन जागांचा मतदारसंघ होता : एक जागा सर्वसाधारण, एक अनुसूचित जातींसाठी राखीव. मतदार तेच, गावे तीच, खासदार मात्र दोन. प्रत्येक मतदाराला दोन मतपत्रिका मिळत. उमेदवारागणिक चिन्ह लावलेली वेगळी पेटी असे. दोन्ही मते एकाच पेटीत टाकली तर त्यातले एकच धरले जाई.

त्या निवडणुकीत राखीव जागेसाठी गंगाराम ठवरे यांनी अर्ज भरला. ते जन्माने महार, पण त्यांनी महानुभाव पंथ स्वीकारला होता. चक्रधरस्वामींचा हा पंथ जातपात मानत नाही, हे सर्वांना माहीत आहे. निवडणूक अधिकाऱ्याने नेमके तेच धरले. पंथात गेलात म्हणजे महार राहिला नाहीत, सबब राखीव जागेला उभे राहता येत नाही, असे म्हणून त्याने अर्ज नाकारला. निवडणूक झाली आणि सर्वसाधारण जागेवर काँग्रेसचे चतुर्भुज जसानी निवडून आले.

त्यावर निवडणूक अर्ज दाखल झाला आणि प्रकरण सुप्रीम कोर्टापर्यंत गेले. जसानींबद्दलचा आक्षेप वेगळा होता. मुळजी सिक्का या विडीच्या पेढीत ते भागीदार, आणि ही पेढी लष्कराच्या कँटीनसाठी सरकारला विड्या पुरवीत होती. सरकारशी ठेका असलेल्याला उमेदवार होता येत नाही, म्हणून कोर्टाने त्यांना अपात्र ठरवले. भंडाऱ्याची विडी दिल्लीपर्यंत कशी गेली पाहा!

पण आपल्याला महत्त्वाचा तो ठवऱ्यांचा प्रश्न. पंथ बदलला म्हणजे जात सुटते काय? न्यायमूर्ती व्हिव्हियन बोस यांनी निकालात तीन गोष्टी तपासायला सांगितल्या. जुन्या समाजाने त्या माणसाला टाकले की धरून ठेवले, त्या माणसाचा स्वतःचा इरादा काय होता, आणि नव्या पंथाचे नियम काय सांगतात. ठवरे पुढेही महारांतच वावरत होते, महार म्हणूनच ओळखले जात होते. तेव्हा ते महारच, त्यांचा अर्ज नाकारणे चूक, असा निर्णय झाला. एका जागेचा अर्ज चुकीने नाकारला गेल्याने दोन्ही जागांची निवडणूक रद्द झाली. हे १९५४ साल.

त्या रिकाम्या झालेल्या जागांसाठी पोटनिवडणूक लागली आणि शेड्यूल्ड कास्ट फेडरेशनतर्फे बाबासाहेब राखीव जागेवर उभे राहिले. १९५२ ला मुंबईत त्यांना नारायणराव काजरोळकरांकडून सुमारे चौदा हजार मतांनी हार खावी लागली होती. त्यानंतर ते राज्यसभेत गेले होते, पण लोकांनी थेट निवडून देण्याची गोष्ट वेगळी. प्रकृती खालावलेली असतानाही एप्रिलच्या उन्हात ते भंडारा जिल्ह्यात सभा घेत फिरले. सर्वसाधारण जागेवर प्रजा समाजवादी पक्षाचे अशोक मेहता होते.

इथे एक हिशेब समजून घ्यावा लागतो. राखीव जागा अनुसूचित जातीच्या सर्वांत जास्त मते मिळवणाऱ्याला जाई. उरलेली जागा बाकीच्यांत जो पुढे असेल त्याला, मग तो कोणत्याही जातीचा असो. म्हणजे बाबासाहेब राखीव जागेत मागे पडले तरी मेहतांच्या पुढे राहिले असते तर दुसऱ्या जागेवर निवडून आले असते. म्हणून काही कार्यकर्ते म्हणू लागले, की आपल्या माणसांनी एकच मत हत्तीच्या पेटीत टाकावे, दुसरे कुजवावे. बाबासाहेबांनी याला नकार दिला, मत वाया घालवायचे नाही असे बजावले, अशी आठवण जुनी माणसे आजही सांगतात. मुंबईत १९५२ ला हजारो मते अशी कुजवली गेल्याची तक्रार त्यांनी स्वतःच केली होती. तेच काम ते भंडाऱ्यात आपल्या लोकांना कसे सांगणार? माझ्या मते हार पत्करूनही त्यांनी इथे जे केले, त्याची चर्चा आपण फारच कमी करतो.

मे महिन्यात निकाल लागला. मेहता निवडून आले. बाबासाहेब काँग्रेसच्या भाऊराव बोरकरांकडून आठ हजारांवर मतांनी हरले. दोन जागांच्या त्या पद्धतीत पुढे काय होऊ शकते, हे १९५७ ला आंध्रातल्या पार्वतीपुरमला दिसले. पुढे राष्ट्रपती झालेले व्ही. व्ही. गिरी तिथे पडले आणि दोन्ही जागा अनुसूचित जमातीच्या उमेदवारांना गेल्या. मग १९६१ च्या कायद्याने असे मतदारसंघच मोडले.

आता दाखल्याचा संबंध. ठवऱ्यांच्या निकालाला तीन वर्षेही झाली नव्हती तोच १४ ऑक्टोबर १९५६ ला नागपुरात धम्मदीक्षा झाली. महानुभाव हिंदूंत धरले गेले. १९५० च्या राष्ट्रपतींच्या आदेशाप्रमाणे बौद्ध मात्र अनुसूचित जातीत बसत नव्हते. १९५७ ला दादासाहेब गायकवाड नाशिकमधून आणि बी. सी. कांबळे कोपरगावमधून लोकसभेत गेले खरे, पण राखीव जागेचे दार बौद्धाला बंद झाले. १९६२ च्या विधानसभा निवडणुकीत राखीव जागेवर आलेले डॉ. डी. पी. मेश्राम यांच्याविरुद्ध पंजाबराव यांनी दावा लावला. तो सुप्रीम कोर्टात गेला आणि डॉ. मेश्राम बौद्ध झाले आहेत असे ठरून त्यांची निवड गेली. महादेवाच्या देवळाचा विहार करण्यातला त्यांचा सहभाग आणि लग्नपत्रिकेवरचे बुद्धाचे चित्र, असल्या गोष्टी तिथे पुरावा म्हणून आल्या. आपण ज्या गोष्टी अभिमानाने करतो, त्याच त्यांच्याविरुद्ध मांडल्या गेल्या.

त्यामुळे कित्येक घरांत बापाने बावीस प्रतिज्ञा घेतल्या, पण मुलाच्या दाखल्यावर "हिंदू महार" लिहून आणले. कोणाला दोष देण्यात अर्थ नाही, नोकरीचा प्रश्न होता. राज्य सरकारने नवबौद्धांना शिक्षणाच्या सवलती दिल्या होत्या, पण केंद्राकडे अडत होते. व्ही. पी. सिंग यांच्या सरकारच्या काळात १९९० ला कायदा झाला आणि बौद्धांचा अनुसूचित जातीत समावेश झाला.

तोपर्यंत भंडारा लोकसभेची जागाच राखीव उरली नव्हती. १९९१ ला तिथून प्रफुल्ल पटेल निवडून आले. पुढच्या फेररचनेनंतर मतदारसंघाचे नाव भंडारा-गोंदिया झाले, तोही सर्वसाधारण आहे. त्यातली अर्जुनी-मोरगाव ही विधानसभेची जागा मात्र राखीव आहे. तिथे कुणी बौद्ध म्हणून अर्ज भरला, तर टेबलामागचा अधिकारी आता धर्माच्या कारणावरून तो परत करू शकत नाही.