विनी मंडेला : नवरा महात्मा, बायको वादग्रस्त?

२ एप्रिल २०१८ रोजी जोहान्सबर्गमध्ये विनी मादिकिझेला-मंडेला वारल्या. वय ८१. जगभरच्या बातम्यांत त्यांच्या नावाला एकच विशेषण चिकटले होते : वादग्रस्त. १४ एप्रिलला आपण इकडे भीमजयंतीच्या मिरवणुकीत होतो, तेव्हा तिकडे सोवेटोच्या ऑर्लँडो स्टेडियममध्ये हजारो लोक त्यांना शेवटचा निरोप देत होते. आपल्यातले काही तरुण त्यांचा मूठ उगारलेला फोटो आजही स्टेटसला ठेवतात. मित्रांनो, फोटो जरूर ठेवा. पण या बाईंचे आयुष्य पूर्ण वाचा. कारण त्यांना डाकीण ठरवणाऱ्यांनी अर्धे वाचले आहे आणि देवी ठरवणाऱ्यांनीही अर्धेच.

विनी म्हणजे नेल्सन मंडेलांची बायको, इथूनच बहुतेक लेख सुरू होतात. ही सुरुवातच चुकीची आहे. त्यांचा जन्म २६ सप्टेंबर १९३६ चा, पोंडोलँडमधल्या बिझाना भागातला. वडील इतिहासाचे शिक्षक. आई लहानपणीच गेली. जोहान्सबर्गला येऊन त्यांनी समाजकार्याचे शिक्षण घेतले आणि सोवेटोच्या बारागवनाथ रुग्णालयात पहिल्या काळ्या वैद्यकीय समाजसेविका म्हणून नोकरी धरली. मंडेला भेटले १९५७ मध्ये, लग्न झाले जून १९५८ मध्ये. काळ्या माणसाने आपल्याच देशात फिरताना परवान्याचे पुस्तक जवळ बाळगलेच पाहिजे, असा पास कायदा होता. तो बायकांवर लादण्याविरुद्ध त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये मोर्चे निघाले. त्यात विनी तुरुंगात गेल्या तेव्हा त्यांना दिवस गेले होते. नोकरीही गेली. तेव्हा नवरा बाहेर होता आणि आत त्या स्वतःच्या निर्णयाने गेल्या होत्या.

ऑगस्ट १९६२ मध्ये नेल्सन पकडले गेले. १९६४ मध्ये त्यांना जन्मठेप झाली. म्हणजे संसार झाला जेमतेम चार वर्षे आणि त्यातही बराच काळ नवरा भूमिगत. पुढची २७ वर्षे जगाला ‘मंडेला’ हे नाव विसरू दिले नाही, ते कुणी? रॉबेन बेटावरच्या कैद्याचा फोटो छापायलाही बंदी होती. लोकांना दिसत होता तो विनींचाच चेहरा.

त्याची किंमत बघा. १२ मे १९६९ च्या पहाटे पोलीस घरात घुसले आणि दहा व आठ वर्षांच्या दोन मुलींच्या देखत आईला घेऊन गेले. प्रिटोरियाच्या तुरुंगात ४९१ दिवस, त्यातला बहुतेक काळ एकट्या कोठडीत. चौकशी करणारा थ्यूनिस स्वानपूल हा छळासाठी कुप्रसिद्ध अधिकारी. पाच दिवस, पाच रात्री झोपू न देता प्रश्न विचारले गेले. फेब्रुवारी १९७० मध्ये सरकारने आरोप मागे घेतले, न्यायाधीशाने सोडून दिले आणि पोलिसांनी तिथेच पुन्हा अटक केली. सप्टेंबरमध्ये परत निर्दोष सुटका. गुन्हा शाबीत झाला नाही, शिक्षा मात्र भोगून झाली. ज्यांनी आपल्याकडे विनाजामीन तुरुंगात सडणारे कार्यकर्ते पाहिले आहेत, त्यांना ही पद्धत नव्याने समजावून सांगायला नको.

१९७६ च्या जूनमध्ये सोवेटोचे विद्यार्थी रस्त्यावर उतरले, गोळ्या खाल्ल्या. विनी पुन्हा आत. आणि मे १९७७ मध्ये त्यांना सामानासकट उचलून ब्रँडफोर्ट नावाच्या आडगावी नेऊन टाकले. ना ओळख, ना तिथली भाषा. घराला पाणी नाही, वीज नाही. पोलिसांची नजर चोवीस तास. तिथेही त्यांनी दवाखाना काढला, पाळणाघर काढले. १९८५ मध्ये ते घर पेटवून दिले गेले, तेव्हा बंदीहुकूम धुडकावून त्या सोवेटोला परतल्या.

इथपर्यंतची कथा स्टेटसवाल्यांना आवडते. पुढची पण वाचावी लागेल.

एप्रिल १९८६ मध्ये एका सभेत विनींनी जाहीर सांगितले की आगपेट्या आणि ‘नेकलेस’ घेऊन आम्ही हा देश मुक्त करू. नेकलेस म्हणजे खबरी असल्याचा संशय असलेल्या माणसाच्या गळ्यात पेट्रोल भरलेले टायर अडकवून पेटवणे. जळणारा माणूस बहुतेक वेळा काळाच असे. त्याच सुमारास त्यांच्या घराभोवती ‘मंडेला युनायटेड फुटबॉल क्लब’ नावाची पोरांची टोळी जमली. नाव फुटबॉलचे, काम दहशतीचे. जुलै १९८८ मध्ये विनींचे ऑर्लँडोचे घर जाळले गेले. जाळणारे गोरे पोलीस नव्हते, सोवेटोचीच शाळकरी मुले होती. क्लबच्या जाचाला वस्ती किती कंटाळली होती, हे यावरून समजा.

डिसेंबर १९८८ च्या अखेरीस क्लबच्या पोरांनी मेथॉडिस्ट चर्चच्या आवारातून चार मुलांना उचलले आणि विनींच्या घरी आणून बेदम मारले. त्यातला एक स्टॉम्पी सेइपेई. वय १४. तुमाहोले वस्तीतला, गरीब घरातला, लहान वयातच सरकारी कोठडी भोगून आलेला चळवळीचाच पोरगा. त्याला खबरी ठरवले गेले. जानेवारीत त्याचे प्रेत मोकळ्या रानात सापडले. खून केल्याबद्दल शिक्षा झाली ती क्लबचा ‘कोच’ जेरी रिचर्डसन याला. आणि पुढे काय उघड झाले? पोलिसांचा खरा खबऱ्या हा रिचर्डसनच होता!

आपण त्या रात्री ब्रँडफोर्टला होतो, असे विनींनी कोर्टात सांगितले. १९९१ मध्ये अपहरण आणि मारहाणीला साथ दिल्याबद्दल त्यांना सहा वर्षांची शिक्षा झाली. १९९३ च्या अपिलात अपहरण कायम राहिले, मारहाणीचा भाग रद्द झाला, तुरुंगवासाऐवजी दंड आणि स्थगित शिक्षा आली.

हे सगळे गोऱ्यांचे कुभांड होते, असे म्हणणारे भेटतात. त्यात अर्धे सत्य आहे. सुरक्षा पोलिसांचा ‘स्ट्रॅटकॉम’ नावाचा बदनामी विभाग खरोखर होता. त्याचा प्रमुख व्हिक मॅकफर्सन याने पुढे एका माहितीपटात चाळीसेक पत्रकार आपल्यासाठी काम करत होते, असे सांगितले. पण स्टॉम्पीचे प्रकरण चव्हाट्यावर आणण्यात ‘वीकली मेल’ हे वर्णद्वेषाविरुद्ध लढणारेच वृत्तपत्र पुढे होते. आणि फेब्रुवारी १९८९ मध्ये, आणीबाणी चालू असताना, नेल्सन तुरुंगात असताना, जनचळवळीच्या नेत्यांनी पत्रकार परिषद घेऊन विनींपासून अंतर ठेवल्याचे जाहीर केले. शत्रूला फायदा होईल म्हणून गप्प बसा, असे त्यांनाही कुणी सांगितले असेलच. ते बसले नाहीत. मला स्वतःला या सबंध इतिहासातला हा सर्वांत अवघड निर्णय वाटतो.

फेब्रुवारी १९९० मध्ये नवऱ्याचा हात धरून विनी तुरुंगाच्या फाटकातून चालत आल्या. १९९२ मध्ये दोघे वेगळे झाले. १० मे १९९४ रोजी मंडेला राष्ट्राध्यक्ष झाले, तेव्हा कायद्याने विनी त्यांच्या पत्नी होत्या. मार्च १९९६ च्या घटस्फोटापर्यंत, बावीस महिने. पण तो मान त्यांना कधी मिळाला नाही. उपमंत्रिपद मिळाले, तेही १९९५ मध्ये काढून घेतले. घटस्फोटाच्या कोर्टात राष्ट्राध्यक्षांनी शयनगृहातल्या गोष्टी सांगितल्या आणि त्या जगभर छापून आल्या. २७ वर्षे जिचे तारुण्य पोलिसांच्या पहाऱ्यात गेले, तिच्या प्रेमप्रकरणाच्या चिठ्ठ्यांवर मथळे झाले. नेल्सन यांचेही विनी हे दुसरे लग्न होते, हे मात्र चारित्र्याची चर्चा करणाऱ्यांना आठवत नाही. पुढे मृत्युपत्रातही विनींच्या वाट्याला काही आले नाही. (२००३ मध्ये बँक कर्जाच्या फसवणुकीतही त्या दोषी ठरल्या. अपिलात चोरीचे आरोप गेले, फसवणूक राहिली. तेही नोंदवून ठेवा.)

१९९७ च्या अखेरीस सत्य आणि समेट आयोगाने नऊ दिवस त्यांची सुनावणी घेतली. आर्चबिशप टुटूंनी अक्षरशः विनवणी केली, तेव्हा गोष्टी भयंकर बिघडल्या, त्याचे मला दुःख आहे, एवढेच विनी म्हणाल्या. क्लबच्या कृत्यांना त्या राजकीय आणि नैतिकदृष्ट्या जबाबदार असल्याचे आयोगाने लिहिले. मला ते योग्य वाटते.

पण त्याच आयोगासमोर यायला माजी राष्ट्राध्यक्ष पी. डब्ल्यू. बोथा यांनी साफ नकार दिला. शिक्षा झाली, तीही स्थगित, आणि अपिलात तीसुद्धा उडाली. १९९३ चे शांततेचे नोबेल मंडेलांसोबत वाटून घेणारे डी क्लर्क कोर्टात गेले आणि अहवालातला आपल्याविषयीचा मजकूर काळा करून घेतला. ज्यांच्या हाताखाली सबंध राज्ययंत्रणा माणसे मारत होती, ते ‘माजी राष्ट्राध्यक्ष’. आणि विनी ‘वादग्रस्त’. माझा आक्षेप इथे आहे. हिशेब मागितला म्हणून नव्हे, एकीकडूनच मागितला म्हणून.

चळवळीच्या घरातली ही सवय आपल्यालाही परकी नाही. बाबासाहेबांच्या महापरिनिर्वाणानंतर माईसाहेबांवर काय काय बोलले गेले? चौकशीत काही निघाले नाही, तरी बाईंना कित्येक वर्षे समाजापासून तुटून राहावे लागले. दोन्ही प्रकरणे एकसारखी नाहीत, हे स्पष्ट सांगतो. माईसाहेबांविरुद्ध पुरावाच नव्हता. विनींविरुद्ध होता. म्हणूनच एकीच्या अन्यायाचे उदाहरण देऊन दुसरीचा गुन्हा धुता येत नाही. राजकारणातली भक्ती हुकूमशाहीकडे नेते, हे बाबासाहेबांनी २५ नोव्हेंबर १९४९ रोजी संविधान सभेत बजावले होते. ते फक्त पुरुष नेत्यांच्या भक्तीपुरते होते का?

स्टॉम्पीच्या आधी, नोव्हेंबर १९८८ मध्ये, सोवेटोतली लोलो सोनो आणि सिबोनिसो शबालाला ही दोन तरुण पोरे नाहीशी झाली. लोलोच्या वडिलांनी आयोगापुढे सांगितले की मारहाण झालेल्या मुलाला त्यांनी गाडीत पाहिले होते, गाडीत विनी होत्या, आणि मुलाला सोडा म्हणून आपण त्यांना विनवले होते. दोघांचे अवशेष सापडले ते थेट २०१३ मध्ये, सोवेटोच्याच दफनभूमीत, बेवारस म्हणून पुरलेले. चळवळीने आणि सरकारने मिळून त्या दोन घरांना २५ वर्षे वाट बघायला लावली.