कॅरोलाइन इंगल्स : एका वसाहतकार स्त्रीच्या घराण्याचा माग

कॅरोलाइन क्वाइनर इंगल्स (१८३९–१९२४) या ‘लिटल हाउस’ पुस्तकमालेच्या लेखिका लॉरा इंगल्स वाइल्डर यांच्या आई. लेकीच्या कादंबऱ्यांमुळे त्यांचे नाव जगभर पोचले. पण त्यांचे खरे आयुष्य जुळवायचे, तर दप्तरेच धुंडाळावी लागतात.

सर्वांत भरीव कागद जमिनीचे आहेत. १८६२ च्या होमस्टेड कायद्याने कुटुंबप्रमुखाला १६० एकर जमीन मिळे. अट पाच वर्षे राहून ती कसण्याची. विधवा किंवा अविवाहित स्त्रीला हा हक्क होता, नवऱ्यासह नांदणाऱ्या स्त्रीला सहसा नव्हता. त्यामुळे डाकोटातील डी स्मेटजवळच्या जमिनीवरचा १८८० चा दावा कॅरोलाइन यांचे पती चार्ल्स यांच्या नावे आहे. अशा स्त्रियांचा शोध नवऱ्याच्या कागदांतूनच घ्यावा लागतो. त्यातच १८९० च्या जनगणनेची बहुतेक पाने १९२१ च्या आगीनंतर कायमची गेली.

जनगणनेने कादंबरीची दुरुस्तीही केली आहे. पुस्तकात कॅन्ससमधले घर इंडिपेंडन्स गावापासून ४० मैलांवर आहे. ऑगस्ट १८७० च्या नोंदीत मात्र हे कुटुंब माँटगोमेरी काउंटीत सापडते, आणि तिच्या आधारे निश्चित केलेली जागा गावापासून सुमारे १३ मैलांवर आहे. ती जमीन तेव्हा ओसेज लोकांची होती. वसाहतकार तिथे हक्काशिवाय राहत होते. त्याच महिन्यात कॅरी ही मुलगी जन्मली. तिचे जन्मस्थान म्हणून कौटुंबिक बायबलमध्ये माँटगोमेरी काउंटीच लिहिलेली आहे. कादंबऱ्यांतून पुरता वगळलेला मुलगा चार्ल्स फ्रेडरिक यालाही चरित्रकारांनी पुन्हा कुटुंबात आणले. १८७५ मध्ये जन्मलेले हे बाळ पुढच्याच वर्षी दगावले.

लग्नात आडनाव बदलते आणि स्त्रीचा माग तिथेच तुटतो. कॅरोलाइन यांच्या बाबतीत सोयऱ्यांनी तो जोडून दिला. १८६० मध्ये विस्कॉन्सिनमधील कॉन्कॉर्डला त्यांचा चार्ल्सशी विवाह झाला. त्याच सुमारास त्यांचे भाऊ हेन्री यांनी चार्ल्सच्या बहिणीशी, तर बहीण एलायझा यांनी चार्ल्सच्या भावाशी लग्न केले. १८६३ मध्ये चार्ल्स आणि हेन्री यांनी पेपिनजवळ भागीत जमीन घेतली. अशा कागदांत एका घराण्याचा शोध घेताना दुसरे आपोआप हाती लागते.

त्याही मागे गेले की नोंदी विरळ होतात. १८५० पूर्वीच्या जनगणनेत फक्त कुटुंबप्रमुखाचे नाव असे. घरातली इतर माणसे वयोगटांच्या रकान्यांत आकड्यांनी दाखवली जात. डिसेंबर १८३९ मध्ये विस्कॉन्सिनमधील ब्रुकफील्ड इथे जन्मलेली मुलगी १८४० च्या नोंदवहीत नावानिशी सापडणे शक्यच नाही. वडील हेन्री क्वाइनर कनेक्टिकटचे, आई शार्लट टकर मॅसॅच्युसेट्सची. कॅरोलाइन लहान असतानाच वडील मिशिगन सरोवरात जहाज बुडून वारले. पुढे आईने फ्रेडरिक हॉलब्रुक यांच्याशी दुसरे लग्न केले. आईचे आडनाव पुन्हा बदलल्यामुळे तिच्या नोंदी तिसऱ्याच नावाखाली शोधाव्या लागतात.

बालपणातले रोजचे जगणे कोणत्याच दप्तरात उतरले नव्हते. कॅरोलाइन यांच्या मृत्यूनंतर १९२५ मध्ये लॉरा यांनी मावशी मार्था कार्पेंटर यांना पत्र लिहून जुन्या आठवणी मागवल्या आणि मावशींनी त्या लिहून पाठवल्या. तारखा, जमीन आणि गावे सरकारी कागदांनी दिली. क्वाइनर बहिणी लहानपणी कशा राहिल्या, हे मात्र त्यांच्यापैकीच एकीने सांगितले, म्हणूनच आज ठाऊक आहे.