आवाजाची वाट

गेल्या वर्षी मी आत्याच्या जात्यावरच्या ओव्या संगणकावर ध्वनिमुद्रित केल्या. एक मायक्रोफोन तिच्या तोंडाजवळ ठेवला, दुसरा जात्यापाशी. पुढे दोन महिन्यांनी आत्या गेली. तेराव्याला सर्वांना ऐकवावं म्हणून मी घाईने फाइल तयार केली, तर तीत नुसती जात्याची घरघर. पडद्यावर आत्याच्या ट्रॅकची हिरवी पट्टी वरखाली होत होती, पण कानांवर काहीच येत नव्हतं. बऱ्याच शोधानंतर चूक सापडली. आवाजाला थोडी गुंज द्यावी म्हणून मी त्या ट्रॅकचं आउटपुट ‘बस ३’ला जोडलं होतं. गुंज आवडली नाही, म्हणून ती देणारा ट्रॅक काढून टाकला. बस तशीच राहिली, पुढे कुठेच न जाणारी. आवाज हरवला नव्हता, त्याला वाट उरली नव्हती.

ही ‘बस’ तिथे आली कुठून, या कुतूहलाने मी ध्वनिमुद्रणाच्या इतिहासाकडे वळले.

सुरुवातीला ट्रॅक ही कल्पनाच नव्हती. १९०२मध्ये कोलकात्यात गौहर जान ग्रामोफोनसाठी गायल्या, त्या काळी गायक आणि साथीदार एकाच कर्ण्यापुढे बसत. कोणाचा आवाज किती उमटायचा, हे कर्ण्यापासूनच्या अंतरावर ठरे. १९२५च्या सुमारास विद्युत ध्वनिमुद्रण आलं आणि अनेक मायक्रोफोनांचे प्रवाह एकत्र करण्याची सोय झाली. असे प्रवाह जिथे मिळतात त्या सामायिक मार्गाला म्हणतात बस. वीजकेंद्रातल्या ‘बसबार’वरून आलेला हा शब्द मुळात लॅटिन ‘ऑम्निबस’, म्हणजे ‘सर्वांसाठी’. रस्त्यावरची बस आणि मिक्सरमधली बस या सख्ख्या बहिणी! आवाज इकडून तिकडे वळवण्याची खुंट्यांची फळी टेलिफोन एक्स्चेंजमधून आली. तिथल्या ऑपरेटर बायका जशा वायरी खोचत, तशाच स्टुडिओतले तंत्रज्ञ खोचू लागले.

‘ट्रॅक’ हा शब्द खऱ्या अर्थाने रुळला तो चुंबकीय फितीमुळे. जर्मनीच्या एईजी कंपनीने १९३५मध्ये मॅग्नेटोफोन जगापुढे आणला. युद्धानंतर जॅक मुलिन यांनी अशी दोन यंत्रं अमेरिकेत नेली. तिथे गिटारवादक लेस पॉल एकावर एक थर चढवून मुद्रण करत होते. १९५७मध्ये अँपेक्सने त्यांना आठ ट्रॅकचं यंत्र दिलं. एक इंच रुंद फितीवर आठ समांतर पट्टे, आणि प्रत्येक पट्ट्याला बाहेर पडायला स्वतःची खोबण. आवाज कुठे साठला आहे आणि कुठून निघतो, हे बोट ठेवून दाखवता येत होतं.

पट्टे मोजके असले की निर्णय घ्यावेच लागतात. लंडनच्या ॲबी रोड स्टुडिओत १९६७मध्ये बीटल्सकडे चार ट्रॅकची यंत्रं होती. चारही भरले की त्यांचं मिश्रण दुसऱ्या यंत्राच्या एका-दोन ट्रॅकांवर उतरवून पुढची जागा मोकळी करायची. मिश्रणात जे दबलं, ते नंतर वेगळं काढता येत नसे. त्याच वर्षी १० फेब्रुवारीला ४० वादकांचा ताफा मुद्रित करायचा होता, तेव्हा केन टाउनसेंड यांनी दोन यंत्रं जोडून एकाच वेगाने चालवली.

काही वाटांवर स्वतःचा आवाज नसतोच. १९४७मध्ये बिल पटनम यांनी एका गाण्याचा आवाज स्नानगृहात सोडला आणि तिथली गुंज परत आणून मूळ आवाजात मिसळली. आजच्या सॉफ्टवेअरमधला ‘ऑक्स’ ट्रॅक हेच काम करतो: आलेलं घ्यायचं, संस्कार करायचा, पुढे धाडायचं. १९८३मध्ये आलेल्या मिडीची तऱ्हा आणखी निराळी. मिडी ट्रॅकमध्ये आवाज नसतो, कोणता स्वर कधी आणि किती जोराने वाजवायचा एवढ्याच सूचना असतात. त्याला वाद्य जोडलं नाही, तर तो मुकाच.

१९९१मध्ये प्रो टूल्स आलं, तेही चारच ट्रॅक घेऊन. अशा सॉफ्टवेअरने जुनी नावं तशीच ठेवली आणि वायरी मात्र अदृश्य केल्या. लोंबकळणारी वायर चटकन नजरेत भरते. पडद्यावर तिच्या जागी बारीक अक्षरांची एक चौकट उरली. कोणताही ट्रॅक कुठेही वळवता येतो, तसा तो कुठेच न पोचवताही ठेवता येतो. म्हणून ‘मुद्रित झालं’ आणि ‘ऐकू आलं’ या आता दोन वेगळ्या गोष्टी आहेत.

चौकटीत ‘बस ३’च्या जागी मुख्य आउटपुट निवडलं आणि आत्या गाऊ लागली. तेरावा होऊन गेला होता. जात्याचा आवाज आधी मी कमी केला, मग पुन्हा वाढवला. तिची लय त्या घरघरीवरच तर उभी होती. एकत्र केलेली फाइल आता सगळ्या भावंडांकडे आहे. शिवाय तिचा आवाज आणि जात्याचा आवाज मी स्वतंत्र फाइलींतही ठेवले आहेत. सोबत एका कागदावर लिहिलं आहे, कोणता ट्रॅक कशाचा आणि कुठे जोडलेला. पुढे कोणी उघडलं, तर त्याला दोन रात्री शोधत बसायला नको.