मोतीबिंदू : लहान छेदाची हस्तशस्त्रक्रिया

ध्वनिलहरींनी भिंग फोडणाऱ्या फेको यंत्राशिवाय, हाताच्या अवजारांनी गढूळ भिंग काढून कृत्रिम भिंग बसवण्याची पद्धत. डॉक्टर तिला ‘एसआयसीएस’ म्हणतात, रुग्ण ‘बिनटाक्याचं ऑपरेशन’. खानदेशात, विशेषतः सातपुड्याच्या पायथ्याशी चोपडा, यावल, शिरपूर तालुक्यांत, ‘कापूस वेचून झाला की बघू’ म्हणत लांबवलेला मोतीबिंदू दवाखान्यात येतो तोवर पिकून तपकिरी, टणक झालेला असू शकतो. अशा भिंगाचे टणक केंद्रक (मधला गाभा) फेकोने फोडायला ध्वनिलहरी जास्त लागतात आणि त्यात स्वच्छमंडलाच्या आतल्या पेशी मरतात. त्या पुन्हा तयार होत नाहीत.

श्वेतपटलात सुमारे 6 ते 7 मिमी रुंदीचा, निम्म्या जाडीचा बोगदा कोरतात. डोळ्यातल्या दाबानेच त्याचे आतले तोंड मिटते, म्हणून टाका लागत नाही. इथपर्यंत सगळे शल्यविशारद जवळपास एकाच वाटेने जातात. केंद्रक बाहेर कसे आणायचे, यावर पंथ पडतात. इस्राएलचे ब्लूमेंथाल डोळ्यात बारीक नळीने सतत द्रव सोडून त्या दाबाने केंद्रक ढकलत. पाणी सोडणाऱ्या ‘व्हेक्टिस’ या अवजाराने ते चमच्याने उचलल्यासारखे बाहेर काढता येते. ही रीत भारतात रुळली आहे. ‘सँडविच’मध्ये केंद्रक दोन अवजारांत धरतात, पकड पक्की, पण वरचे अवजार स्वच्छमंडलाला घासण्याचा धोका. नेपाळमधील ‘लहान’ नावाच्या ठिकाणी हेनिग यांनी 30 गेजच्या सुईचे टोक गळासारखे वाकवले आणि केंद्रक खालून अडकवून ओढले. केंद्रकाचे दोन-तीन तुकडे केले तर छेद लहान राहतो, पण डोळ्याच्या आत अवजारे जास्त फिरतात. टणक केंद्रकासाठी बोगदा थोडा रुंद ठेवणेच शहाणपणाचे.

शस्त्रक्रियेमुळे चष्म्यात येणारा सिलिंडरचा नंबर छेदाच्या जागेवर ठरतो. गोखले व सॉहनी यांच्या 2005 च्या अभ्यासात तो वरच्या छेदाने सरासरी 1.28, कानशिलाकडच्या छेदाने 0.37 आणि दोन्हींच्या मधल्या छेदाने 0.20 डायॉप्टर आला.

पुण्याच्या एच. व्ही. देसाई नेत्र रुग्णालयात गोगटे व सहकाऱ्यांनी 400 रुग्णांवर फेको व एसआयसीएस यांची तुलना केली (2005). सहा आठवड्यांनी चष्म्याविना 6/18 किंवा त्याहून चांगली दृष्टी फेकोनंतर 81 टक्के, एसआयसीएसनंतर 71 टक्के रुग्णांना होती. चष्मा दिल्यावर दोन्हीकडे 98.4 टक्के. फरक उरला तो चष्म्यापुरता. म्हणून शस्त्रक्रिया धुळ्याच्या श्री भाऊसाहेब हिरे शासकीय वैद्यकीय महाविद्यालयात झालेली असो, जळगावच्या शासकीय महाविद्यालयात किंवा शिबिरात, सहाव्या आठवड्याची चष्म्याची तपासणी चुकवू नये.